वही क्रमांक दोनशे चौदा

९ जानेवारी

ती. अक्कांना साष्टांग नमस्कार.

आज सकाळी साडेसहाला उठलो. दूध तापवलं, ते उतू गेलं, शेगडी पुसली. नऊला आरोग्यमंत्री आले, सव्वादहाला गेले. दुपारी जेवून थोडा पडलो. चारला प्रमुखसाहेबांचे जावई आले, साडेपाचला गेले. मग पेपर वाचला.

ही जाऊन आज एकवीस दिवस झाले. एकोणीस वर्षं तिने राज्याच्या प्रमुखसाहेबांचं लघुलेखन केलं, त्याआधी बारा वर्षं त्याच कचेरीत इतरांचं. या एकतीस वर्षांत एकही मंत्री आमच्या दारात आला नव्हता. आता रोज येतात. तुम्ही इथे होतात तोवर शेजारीपाजारीच येत होते. तुमची गाडी सुटली आणि यांच्या गाड्या सुरू झाल्या.

तुम्हाला माहीत आहेच, साहेबांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. नोव्हेंबरात ते भाषणाच्या व्यासपीठावरून उतरताना घसरले. मुरगळला घोटा, पण पेपरात तेव्हापासून रोज एकच बातमी, यांच्यानंतर कोण.

आरोग्यमंत्र्यांनी आधी रुमाल काढला. मग विचारलं, "शेवटी काही म्हणाल्या का हो बाई?"

मी म्हटलं, "पाणी मागितलं."

"तसं नव्हे. ऑफिसबद्दल?"

"नाही."

त्यांनी रुमाल परत खिशात ठेवला. जावई फळांची टोपली घेऊन आले होते. बोलता बोलता उठले आणि पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहिले. मला वाटलं, माणसाला वाचनाची आवड आहे. तर त्यांनी नकाशांचं मोठं पुस्तक ओढून त्याच्या मागे हात घातला. हाताला धूळ लागली. मी त्यांना फडकं दिलं.

मला वाटतं, हिने मागे ठेवलेल्या कशातून तरी साहेबांच्या वारसाचं नाव कळेल अशी त्यांना आशा आहे. मला काही माहीत नाही, हे मी सांगतो, तर ते डोळा मिचकावतात. मी जितका गप्प बसतो तितका मी शहाणा ठरतो आहे. माझी प्रकृती बरी आहे.

आपला,
भाऊजी

१५ जानेवारी

भाऊजी,

पत्र पोचलं. "प्रकृती बरी आहे" हे शेवटी घाईत लिहिलंय, हे मला कळलं. जेवता ना नीट?

मंत्री आले म्हणे! जिवंतपणी धाकटीला एक नवीन टेबल मिळालं नाही, सात वर्षं मागत होती. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. आणि हे सगळे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत, तो म्हातारा मात्र मांडवातून हलायला तयार नाही. बाजारात तुरी आणि यांची घरात मारामारी.

आमच्याकडेही तेच. आमचे हे निवृत्त झाल्यापासून राज्यच चालवतात. सोमवारी म्हणाले, जावई नक्की. बुधवारी म्हणाले, जावयाचा पत्ता कट. काल न्हाव्याकडून आले ते तिसरंच नाव घेऊन. मी म्हटलं, "अहो, आधी घरातल्या दिवाणखान्याचा बल्ब कोण बदलणार ते ठरवा."

पण भाऊजी, खरं सांगा हं. तिने तुम्हाला कधी नाव सांगितलं होतं? मी कुणाला बोलणार नाही. यांना सोडून. आणि फोन करू नका, तुमच्या फोनला आता कान फुटले असतील. लिहाच.

अक्का

२२ जानेवारी

ती. अक्कांना सा. न.

नाही, तिने नाव सांगितलं नाही. एकतीस वर्षांत ऑफिसातली एकच गोष्ट तिने मला सांगितली, की पंखा आवाज करतो.

आज वेगळ्या कामासाठी लिहितो आहे. ऑफिसचं पत्र आलं. वही क्रमांक दोनशे चौदा चार वर्षांपूर्वी भांडारातून हिच्या नावावर दिली होती, ती परत आलेली नाही. फेब्रुवारीअखेर न आल्यास सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा नोंदवला जाईल आणि सेवेचा दाखला त्या शेऱ्यासकट दिला जाईल.

अक्का, हिच्या सेवापुस्तकात एकही शेरा नाही. ती याबद्दल कधी बोलली नाही. पण दरवर्षी एप्रिलमध्ये ते पुस्तक बघून घरी यायची त्या दिवशी तिची चाल वेगळी असायची. मी जन्मभर वजनमापे निरीक्षक होतो, दुकानदारांचे तराजू तपासले. ग्रॅमभर कमी भरलं तरी शिक्का द्यायचा नाही, हे मला कळतं. कोरा दाखला तिचा हक्क आहे. तो मला मिळवायचा आहे. राज्य मग कोणीही करो.

तिची पिशवी मी दवाखान्यातून आणल्यापासून उघडली नव्हती. आज उघडली. चष्मा, दोन पेन्सिली, रुमाल, बसचं तिकीट. आणि वही. आत सात मजकूर आहेत. मला लघुलिपी येत नाही, पण एक गोष्ट माहीत आहे. टाइप झालेल्या पानावर ती तिरकी रेघ मारायची. इथे एकाही पानावर रेघ नाही. म्हणजे यातलं काहीच टाइप झालेलं नाही.

वही तशीच द्यावी की काय आहे ते आधी बघावं, कळत नाही. सोबत झेरॉक्स पाठवतो. तुमच्याच लघुलेखनाच्या वर्गात ती शिकली, तुम्हाला वाचता येईल.

जावई परत आले होते. म्हणाले, वजनमापांचं एक महामंडळ काढायचा विचार आहे, त्याला अध्यक्ष लागेल. मी म्हटलं, त्याला आधी वजनं लागतील.

आपला,
भाऊजी

२८ जानेवारी

भाऊजी,

झेरॉक्स निरुपयोगी. लघुलिपीत रेघ जाड की बारीक यावर अक्षर ठरतं, आणि तुमच्या झेरॉक्सवाल्याने सगळ्या रेघा एका मापाच्या केल्यात. मूळ वही पाठवा. वही म्हणून पाठवू नका. तिचा राखाडी स्वेटर मी मागितला होता ना, त्यात गुंडाळून पाठवा. पार्सलवर "स्वेटर" लिहा. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही म्हणून सांगते, स्वेटर असेलच आत.

झेरॉक्सवाल्याने काही विचारलं?

अक्का

३१ जानेवारी

ती. अक्कांना सा. न.

स्वेटर पाठवला आहे. कोपराला उसवला आहे, तो तसाच ठेवला.

झेरॉक्सवाल्याने विचारलं, "काका, यात कुणाचं नाव आहे?" मी म्हटलं, मला वाचता येत नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे, असंच म्हणायचं." आणि पैसे घेतले नाहीत. मी ते गल्ल्यावर ठेवून आलो.

आपला,
भाऊजी

११ फेब्रुवारी

भाऊजी,

खुर्चीत नीट बसा आणि मग वाचा.

सातही मजकूर मी तीन तीनदा वाचले. तिचा हात अजून तसाच स्वच्छ. चार वर्षांतले आहेत, सगळे तारीखवार. पहिला असा:

"प्रकृतीच्या कारणास्तव मी पदावरून निवृत्त होण्याचे ठरविले असून, माझ्यानंतर ही धुरा वाहण्यास माझे जावई हेच सर्वार्थाने योग्य आहेत, असे माझे ठाम मत आहे."

आणि समासात, माझ्या वर्गात शिकवलं होतं तसंच: "वेळ ४.१०. हजर, जावई. ४.२० जावई रडले. ४.२५ पाया पडून गेले. ४.२६ साहेब: राहू द्या. टाइप नको."

दुसरा आठ महिन्यांनी. तोच मजकूर, तीच धुरा, तेच ठाम मत. जावयाच्या जागी आरोग्यमंत्री. तेही रडले. ते गेल्यावर "राहू द्या. टाइप नको." तिसरे पक्षाचे चिटणीस. ते रडले नाहीत, त्यांनी आरशात बघितलं. पाचव्याच्या आधी साहेब तिला म्हणाले, "तेच ते घ्या, नाव तो आत आला की सांगतो." तेही तिने लिहून घेतलंय. सातवा कोण माहीत आहे? विरोधी पक्षनेते! जे परवा सभेत साहेबांच्या कचेरीला कुलूप लावायला निघाले होते, ते!

आता कळलं का, तुमच्याकडे लोक का येतात? आपण समजत होतो, त्यांना नाव हवंय. नाव त्यांना पाठ आहे, ज्याला त्याला आपापलं. प्रत्येकाने स्वतःच्या कानांनी ऐकलंय, समोर बाई लिहून घेताना बघितलंय. इतरांचं मात्र कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सात जण सात दिशांनी तुमच्या कपाटामागे हात घालतायत. एकाच मुलीचं स्थळ सात घरांना सांगून ठेवलंय म्हाताऱ्याने, आणि सातही घरं गप्प बसून वाट बघतात!

माझं ऐका. ही वही मी इथेच जाळून टाकते, तुम्ही हरवली म्हणा.

अक्का

१६ फेब्रुवारी

ती. अक्कांना सा. न.

वही जाळता येणार नाही. तिच्यावर क्रमांक आहे, आणि ती हरवलेली नाही.

मी तीन दिवस विचार केला. तुमच्या वर्गाच्या भिंतीवर एक पाटी होती, लग्न ठरवायला आलो तेव्हा मी वाचली होती. घेतलेला मजकूर टाइप करून सहीला ठेवल्याशिवाय काम पुरं होत नाही. हिचं सात पत्रांचं काम राहिलं आहे. साहेब "टाइप नको" म्हणाले हे खरं, पण रद्द करा असं सातांपैकी एकदाही म्हणाले नाहीत. उद्या तिच्या दाखल्यावर "काम प्रलंबित" असा शेरा आला तर मी काय उत्तर देऊ?

तुम्ही सातही पत्रं टाइप करून द्याल का? समासातल्या नोंदींसकट. मी वहीसोबत ती ऑफिसात नेऊन देईन. साहेबांनी सही करावी किंवा करू नये. तो त्यांचा प्रश्न.

आपला,
भाऊजी

२६ फेब्रुवारी

ती. अक्कांना सा. न.

तुमचं पार्सल वहीसकट सोमवारी मिळालं. टाइप फार नेटका आहे.

काल ऑफिसात गेलो. आवक खिडकीवर पाकीट आणि वही दिली. पाकिटावर मी "प्रमुखसाहेबांच्या सहीसाठी, प्रलंबित पत्रे सात" असं लिहिलं होतं. तिथल्या कारकुनाने ते फोडलं. मी म्हटलं, साहेबांसाठी आहे. तो म्हणाला, "काका, इथे आलेला प्रत्येक कागद विषयासकट चढवावा लागतो, नाहीतर पोच मिळणार नाही." पोच तर मला हवी होती.

त्याने पहिल्या ओळीला लिहिलं: विषय, उत्तराधिकारी म्हणून जावई यांची नेमणूक. दुसऱ्या ओळीला: विषय, उत्तराधिकारी म्हणून आरोग्यमंत्री यांची नेमणूक. तिसऱ्या ओळीला त्याने पेन खाली ठेवलं आणि शेजारच्याला म्हटलं, "अरे, इकडे ये जरा." शेजारच्याने पलीकडच्याला बोलावलं. सातवी ओळ होईपर्यंत खिडकीमागे वीसेक माणसं होती आणि टेलिफोन कोणी उचलत नव्हतं.

मला शिक्क्यासकट पोच मिळाली. ती फायलीत लावली.

आपला,
भाऊजी

६ मार्च

भाऊजी,

पोच फायलीत लावली म्हणे! इथे पेपरच्या दुकानात सकाळी सातला पेपर संपतो. खरं सांगा, ते पाकीट खिडकीत फुटणार हे तुम्हाला माहीत नव्हतं? सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस तुम्ही. जाऊ दे, विचारत नाही.

साहेबांचं निवेदन वाचलं आणि माझं डोकं फिरलं. "एका आजारी, थकलेल्या स्त्रीच्या मनाचे खेळ." काय म्हणे मनाचे खेळ! ती आजारी पडली ऑक्टोबरात, पहिली तारीख चार वर्षांपूर्वीची. तिच्या हातून कधी मात्रा सुटली नाही, आणि हा माणूस तिच्यावर सात पत्रं ढकलतो.

पण गंमत बघा. साहेबांनी तिला खोटं ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या बाजूने कोण उभं राहिलं? जावई! म्हणाले, "बाईंची सचोटी वादातीत होती. माझ्याबद्दलचं पत्र अक्षरशः खरं आहे. बाकीची सहा आजारपणातली." दुपारी आरोग्यमंत्री म्हणाले, त्यांचं खरं, बाकीची सहा आजारपणातली. चिटणिसांनी तर पत्रकार परिषदेत आरशाची गोष्टही मान्य केली. शेवटी विरोधी पक्षनेते म्हणाले, आपण साहेबांच्या खोलीत गेलोच नव्हतो, पण गेलो होतो तेव्हा मजकूर तोच होता.

तुम्ही हिशेबी माणूस, मांडून बघा. सातही पत्रांना एकेक साक्षीदार आहे, आणि तोही तिथे हजर असलेला. ज्याचं त्याने स्वतःच कबूल केलं. आता तिला खोटं कोण म्हणणार?

आमचे हे मात्र गप्प आहेत. सातांपैकी पाच नावं ते आळीपाळीने नक्की म्हणून सांगून बसलेत.

अक्का

१३ मार्च

ती. अक्कांना सा. न.

साहेबच तिला खोटं म्हणत आहेत, अजून.

काल दाखला आला. वही मिळाली, असं लिहिलं आहे. एकतीस वर्षं सेवा, असं लिहिलं आहे. आणि शेवटी एक वाक्य: "अखेरच्या काळात आजारपणामुळे कामात विस्कळीतपणा आढळला." लाल शाईत नाही, पण आहे.

मी तो परत घेऊन गेलो. तिथले मुख्य लिपिक हिच्या शेजारच्या टेबलावर पंधरा वर्षं बसलेले. ते हळूच म्हणाले, "घ्या हो आणि मोकळे व्हा. दाखला वाचतो कोण?"

मी म्हटलं, "मी वाचतो."

ते म्हणाले, हे वाक्य वरून आलंय, वरूनच निघेल. मी वरची वेळ मागितली. चोवीस तारखेची मिळाली आहे. दरम्यान पक्षाची बैठक झाली. साहेबांनी सांगितलं की उत्तराधिकाऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही, ते आणखी पाच वर्षं काम करणार आहेत. सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. विरोधी पक्षनेते बैठकीला नसल्याने त्यांनी बाहेर वाजवल्या, असं पेपरात आहे.

आपला,
भाऊजी

१८ मार्च

भाऊजी,

चोवीसला जाताना इस्त्रीचा शर्ट घाला. रागावून बोलू नका, तुम्हाला जमत नाही, घसा बसतो. तो गोड बोलेल. इतकी वर्षं त्याने दुसरं केलंय काय? फक्त ऐकून घ्या आणि वाक्य काढल्याशिवाय परत येऊ नका.

एक सांगायचं राहिलं होतं. ती पत्रं टाइप करायला मला चार दिवस लागले ते रिबिन वाळल्यामुळे, असं तुम्हाला वाटलं असेल. रिबिन चांगली होती.

अक्का

२५ मार्च

ती. अक्कांना सा. न.

काल साहेबांना भेटलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

खोलीतला पंखा खरंच आवाज करतो.

साहेब जवळून लहान दिसतात. घोट्याला अजून पट्टी आहे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला, हिची चौकशी अशी केली की जणू ती बाहेर बसली आहे. मग म्हणाले, "एक विचारू? बाईंनी 'राहू द्या' पण लिहिलं?"

मी म्हटलं, "जे बोललं जाईल ते सगळं लिहायचं, असं त्यांना शिकवलं होतं. त्यांच्या मोठ्या बहिणीने."

ते खूप वेळ हसले. मग डोळे पुसले. म्हणाले, "मला वाटायचं, त्या माझ्या बाजूने आहेत."

मी म्हटलं, "त्या मजकुराच्या बाजूने होत्या."

मी दाखला पुढे केला आणि ते वाक्य दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "छे छे, हे कोणी घातलं? हे काढलंच पाहिजे." लगेच घंटा वाजवली. नवीन लघुलेखिका आत आली, तरुण मुलगी, वही-पेन्सिल घेऊन हिच्या खुर्चीवर बसली. साहेब डोळे मिटून सांगू लागले. "बाईंनी एकतीस वर्षं निष्कलंक सेवा केली. त्यांच्या लेखणीतून एकही अक्षर चुकीचे उतरले नाही. अखेरच्या दिवसापर्यंत त्यांचे काम चोख होते, असे माझे ठाम मत आहे."

अक्का, खोटं सांगत नाही, मी रुमाल काढला. साहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "निश्चिंत जा. दोन दिवसांत घरपोच येईल."

मी उठलो. दारापर्यंत गेलो. मग "ठाम मत" आठवलं. वेळ किती झाली ते मी पाहिलं. चार पंचवीस.

मी परत आलो आणि खुर्चीत बसलो. म्हटलं, "मी थांबतो."

"अहो, टाइप व्हायला वेळ लागेल."

"चालेल."

"बाहेर दोन शिष्टमंडळं आहेत."

"मी मध्ये बोलणार नाही."

ती मुलगी एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी मी तिला म्हटलं, "बाळ, दोन प्रती काढ." ती गेली. पहिलं शिष्टमंडळ आलं, फोटो काढून गेलं. त्या फोटोत मीही आहे, पेपरात आला तर बघा, डावीकडे बसलेला. दुसरं आलं, गेलं. साहेबांनी मध्ये दोनदा माझ्याकडे पाहिलं. आधी रागाने पाहिलं. दुसऱ्यांदा कसं ते मला सांगता येणार नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी कागद घेऊन आली. मी वाचला. ते वाक्य नव्हतं. एक चूक होती, ती मी दाखवली, तिने दुरुस्त केली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि हात कागदावर तसाच ठेवला.

"चार वर्षांत सात जण तुमच्या जागेवर बसून गेले," ते म्हणाले. "जनतेची शपथ घेणारे. एकजण बसून राहिला असता, तर मला सही करावी लागली असती. ते सगळे दाराकडे पळाले. कुणाला तरी सांगायला." मग त्यांनी सही केली. दोन्ही प्रतींवर.

बाहेर व्हरांड्यात जावई उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, आत इतका वेळ? कुणाचं नाव घेतलं?"

मी म्हटलं, "माझ्या बायकोचं."

ते डोळा मिचकावून म्हणाले, "बरोबर आहे, असंच म्हणायचं."

एक प्रत सोबत पाठवतो. वर्गाच्या भिंतीवर लावायची असेल तर लावा. दुसरी इथे ठेवली आहे.

आज कोणी आलं नाही. सकाळी पलंगावरची चादर बदलली. डिसेंबरपासून तीच होती. मोठी चादर एकट्याने घालायची म्हणजे एक बाजू ओढली की दुसरी सुटते. या बाजूने त्या बाजूला पाच-सहा वेळा जावं लागलं. मग बसली नीट.

आपला,
भाऊजी